‘संमती’ : शब्दार्थ, व्यवहार आणि मराठी नाटकातील तिचे रूप

सारांश

विवाह, कायदा, वैद्यक, जमीनव्यवहार अशा अनेक क्षेत्रांत ‘संमती’ हा शब्द मराठीत सर्रास वापरला जातो. वापर वाढला, तरी संमती नेमकी कोणाची, कशाला आणि कोणत्या स्थितीत दिलेली, हे प्रश्न त्या वापरातून वारंवार निसटतात. प्रस्तुत लेखात या शब्दाची घडण, त्याच्या शेजारच्या शब्दांशी असलेले त्याचे नाते, १८९१ च्या संमतिवयाच्या वादात त्याला आलेले महत्त्व, ‘संगीत शारदा’, ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ व ‘कमला’ या तीन नाटकांतून होणारे संमतीच्या अभावाचे दर्शन आणि न्यायालयीन व्यवहारात झालेला अर्थबदल यांचा विचार केला आहे. जिथे नकाराला जागा नाही तिथे ‘संमती’ हा शब्द लागू पडत नाही, असे प्रतिपादन त्यातून पुढे येते.

बीजसंज्ञा : संमती, परवानगी, मौन, संमतिवय, कर्तेपण, मराठी नाटक.

१. प्रस्तावना

एखादा शब्द फार वेळा वापरला जाऊ लागला की त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे, असे गृहीत धरले जाते. ‘संमती’ या शब्दाचे असेच झाले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णालयात संमतिपत्र भरून घेतात. भूसंपादनासाठी बाधित कुटुंबांची संमती नोंदवली जाते. लग्न ‘दोन्ही घरांच्या संमतीने’ ठरते. मोबाईलवरील एखादी नवी सेवा वापरण्यापूर्वी ‘मी सहमत आहे’ या चौकटीवर बोट ठेवावे लागते. या सर्व ठिकाणी शब्द एकच असला, तरी घडणारी गोष्ट एकच नसते. रुग्णालयातील सही पुष्कळदा रुग्णाची नसून नातेवाइकाची असते. ‘दोन्ही घरांच्या संमती’त वधूचा वेगळा उल्लेख नसतो. चौकटीवर बोट ठेवणाऱ्याने तर वरचा मजकूर बहुधा वाचलेलाच नसतो.

अशा शब्दाचा विचार केवळ कोशातील अर्थावरून करता येत नाही. तो ज्या ज्या वाक्यात येतो त्या वाक्याला तीन प्रश्न विचारावे लागतात. संमती कोणाची? कशासाठी? आणि ती देणाऱ्याला नकार देता आला असता काय? या तीन प्रश्नांच्या कसोटीवर मराठीतील वापर तपासला असता असे दिसते की, या शब्दाचा आधुनिक इतिहास हा प्रामुख्याने पहिल्या प्रश्नाचा, म्हणजे संमतीचा कर्ता कोण याचा इतिहास आहे.

२. शब्दाची घडण आणि त्याचे शेजारी

‘संमती’ हा संस्कृतमधून आलेला शब्द. ‘सम्’ हा उपसर्ग आणि ‘मानणे, विचार करणे’ या अर्थाचा ‘मन्’ हा धातू यांतून तो सिद्ध होतो. ‘मती’, ‘मत’, ‘मान्य’ हे शब्द याच धातूचे. ‘मती जुळणे’ हा संमतीचा मूळ आशय आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील तेराव्या कलमात दोन व्यक्तींनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणे म्हणजे संमती, अशा आशयाची व्याख्या आहे. ही व्याख्या इंग्रजीतून आलेली असली, तरी मराठी शब्दाच्या घडणीशी ती सहज जुळते. संमतीसाठी किमान दोन मती लागतात, हे दोहोंना मान्य आहे.

मात्र व्यवहारात ‘संमती’भोवती अनेक शब्द वावरतात व ते एकमेकांच्या जागी बसवले जातात. ‘परवानगी’ व ‘अनुमती’ हे शब्द अधिकाराची पायरी सुचवतात. वर्गाबाहेर जाण्यासाठी विद्यार्थी परवानगी मागतो, संमती मागत नाही. ‘मंजुरी’ व ‘मान्यता’ कार्यालयीन आहेत. ‘होकार’ आणि जुना ‘रुकार’ हे उच्चारलेल्या शब्दाकडे निर्देश करतात. ‘कबुली’ला अपराधाची छटा आहे. ‘सहमती’ विचारांच्या पातळीवरची असते. दोन पक्षांत एखाद्या धोरणावर सहमती होते. परवानगी देणारा आपल्या अधिकाराखालील गोष्ट दुसऱ्याला करू देतो. संमती देणारा स्वतःचा देह, स्वतःची मालमत्ता किंवा स्वतःचे आयुष्य यांच्याशी निगडित गोष्टीला मान्यता देतो. हा भेद लक्षात घेतल्यास ‘वडिलांच्या संमतीने झालेला विवाह’ या शब्दयोजनेतील घोटाळा स्पष्ट होतो. वडील तेथे देतात ती परवानगी असते. संमती हा शब्द ज्या व्यक्तीला लागू पडतो ती व्यक्ती या वाक्यात अनुपस्थित आहे.

‘संमत’ या विशेषणाच्या वापरातही हेच दिसते. ‘ठराव संमत झाला’ या वाक्यात कर्ता नाही. ‘शास्त्रसंमत’, ‘लोकसंमत’, ‘रूढिसंमत’ या समासांत संमती देणारे आहेत, पण ते शास्त्र, लोक व रूढी. ‘वधूसंमत’ असा समास मराठीत रूढ झालेला नाही. भाषेने कोणाची संमती नोंदवण्याजोगी मानली, हे तिच्या समासांवरूनही कळते.

संमती मागण्याच्या रीतीही विचारात घेतल्या पाहिजेत. मराठी घरात मुलीला विचारले जाते, ‘तुझी काही हरकत नाही ना?’ शासकीय व्यवहारात ‘ना-हरकत प्रमाणपत्र’ असते. हरकत नसणे आणि संमती असणे या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीत व्यक्ती आड येत नाही एवढेच कळते. दुसरीत ती पुढे येऊन काही सांगते. जेवणाच्या पंगतीतील आग्रहाची रीत तर ‘नको’ या शब्दाला पूर्ण नकार न मानण्यावरच उभी आहे. पाहुण्याने एकदा नको म्हणावे, वाढणाऱ्याने ते ऐकून न ऐकल्यासारखे करावे, ही तेथील सभ्यता आहे. तिचा आनंद जिलबीपुरता मर्यादित आहे तोवर त्यात वावगे काही नाही. हाच संकेत स्त्रीच्या नकाराला लावला की ‘नाही म्हणते म्हणजे हो म्हणते’ अशी समजूत तयार होते. मान खाली घालणे, लाजणे, गप्प राहणे यांना होकार मानण्याची सवय तिच्यातूनच बळावते, आणि ‘मौनं संमतिलक्षणम्’ हे वचन तिच्या पाठीशी उभे केले जाते.

याउलट मराठी दस्तऐवजांच्या भाषेत एक वेगळी जागरूकता आढळते. खरेदीखतात वा बक्षीसपत्रात लिहून देणारा आपण हा दस्त ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दडपणाखाली न येता’ लिहून देत असल्याचे सांगतो. या साच्यातील प्रत्येक पद संमतीची एकेक अट आहे. इच्छा असावी, समज असावी, शुद्ध असावी, दडपण नसावे. करार कायद्याच्या चौदाव्या कलमाने बळजबरी, अनुचित प्रभाव, कपट, दिशाभूल व चूक या पाच कारणांनी दूषित न झालेल्या संमतीलाच मुक्त संमती म्हटले; मराठी दस्तांचा हा साचाही त्याच चिंतेतून आलेला आहे. महसुली व्यवहारात जमीन सोडणाऱ्याचा ‘राजीनामा’ आणि घेणाऱ्याची ‘कबुलायत’ अशी जोडी होती. आज केवळ पदत्यागाचा अर्थ उरलेल्या ‘राजीनामा’ या शब्दात ‘राजी असल्याचे लिहून देणे’ हा अर्थ दडलेला आहे.

या निरीक्षणाचे महत्त्व मोठे आहे. व्यक्तीची मोकळी संमती ही पाश्चात्त्य कल्पना असून एकत्र कुटुंबाच्या संस्कृतीत तिला स्थान नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. दस्तऐवजांची भाषा या आक्षेपाला उत्तर देते. संमती मोकळी असावी हे मराठी समाजाला कळत होते. अर्ध्या एकराच्या तुकड्यासाठी ज्या घराने राजीखुशीची ग्वाही लिहून घेतली, त्याच घराने मुलीच्या लग्नात तिला विचारले नाही. उणीव कल्पनेची नव्हती. ती कल्पना कोणाला लागू करायची, याची होती.

३. संमतिवय : कर्त्यावाचूनचा वाद

‘संमती’ हा शब्द मराठी सार्वजनिक जीवनात गाजला तो १८९०-९१ च्या सुमारास. त्याआधी दोन घटनांनी भूमिका तयार झाली होती. १८८४ साली बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह व सक्तीचे वैधव्य यांवरील आपली टिपणे प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मुंबईत दादाजी भिकाजी यांनी पत्नी रखमाबाई हिने नांदायला यावे म्हणून दावा लावला. अकराव्या वर्षी झालेल्या विवाहाला आपली संमती नव्हती, तेव्हा तो आपल्यावर लादता येणार नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिनी यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी नांदायला जावे अन्यथा सहा महिने कैद भोगावी, असा आदेश दिला. रखमाबाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ मध्ये तडजोड झाली आणि पुढे लंडनला वैद्यकीय शिक्षण घेऊन त्या डॉक्टर झाल्या. एका स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ हे वाक्य प्रथमपुरुषी एकवचनात न्यायालयापुढे मांडले, हे या खटल्याचे भाषिक महत्त्व होय.

पुढील वादात हे प्रथमपुरुषी एकवचन मागे पडले. १८६० च्या भारतीय दंड संहितेने संमतीचे वय दहा वर्षे ठरवले होते. १८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही दहा वर्षे ओलांडलेली बालवधू पतीच्या शरीरसंबंधामुळे मरण पावली. तिचे वय कायद्याच्या मर्यादेबाहेर असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप ठेवता आला नाही. १९ मार्च १८९१ रोजी मंजूर झालेल्या कायद्याने ही मर्यादा बारा वर्षांवर नेली. मराठीत तो ‘संमतिवयाचा कायदा’ म्हणून ओळखला जातो.

या काळात महाराष्ट्रात झालेला वाद सर्वपरिचित आहे. न्यायमूर्ती रानडे, आगरकर, रामकृष्ण गोपाळ भांडारकर प्रभृती कायद्याच्या बाजूने होते. लोकमान्य टिळकांचा विरोध परकी सरकारने धर्माचारात हात घालण्याला होता. सुधारणा स्वेच्छेने व्हावी म्हणून मुलीचे लग्न सोळाव्या व मुलाचे विसाव्या वर्षापूर्वी करू नये, असे बंधन सुधारकांनी स्वतःवर घालून घ्यावे, असा प्रस्ताव त्यांनी १८९० मध्ये मांडला होता. भांडारकरांनी धर्मग्रंथांतील वचनांच्या आधारे कायद्याचे समर्थन केले. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद वाचताना एक गोष्ट जाणवते. टिळकांच्या प्रस्तावातही संमतीचे तत्त्व आहे. समाजाने मान्य केलेले बंधनच समाजावर असावे, असे ते सांगतात. भांडारकर शास्त्राची संमती शोधतात. सरकार प्रजेच्या संमतीचा अंदाज घेते. ज्या मुलीच्या नावाने ‘संमतिवय’ हा शब्द तयार झाला तिला मात्र या वादात वाक्य नाही.

‘संमतिवय’ या समासाचा अर्थही नीट पाहिला पाहिजे. त्यातून मुलीला संमती देण्याचा अधिकार मिळाल्याचा भास होतो. प्रत्यक्षात कायदा एवढेच सांगत होता की, या वयाखालील मुलीची संमती ही संमती नव्हे. त्या वयानंतर विवाहितेला विचारले पाहिजे, असे त्यात कोठेही नव्हते. बारा वर्षे पूर्ण होताच पत्नीची संमती कायमची मिळाल्याचे मानले जाई. संरक्षण म्हणून हा कायदा आवश्यक होता. संमतीची व्याख्या म्हणून तो अपुरा होता.

परंपरेतही ही विसंगती आहे. मनुस्मृतीतील आठ विवाहप्रकारांपैकी राक्षस विवाहात कन्येचे बलाने हरण आहे आणि पैशाच विवाहात निद्रित, मद्यधुंद वा बेसावध स्त्रीचा भोग आहे. पैशाच प्रकाराला सर्वांत अधम म्हटले आहे. म्हणजे शुद्ध हरपलेल्या स्त्रीची संमती असू शकत नाही, हे स्मृतिकाराला ठाऊक होते. परंतु ब्राह्म, दैव, आर्ष व प्राजापत्य या श्रेष्ठ मानलेल्या चारही प्रकारांत कन्या देणारा पिता असतो. वधूची स्वतःची इच्छा येते ती गांधर्व विवाहात. थोडक्यात, अभावाची जाण होती. अधिकाराची मान्यता नव्हती.

४. तीन नाटके

मराठी वाङ्मयाने ही पोकळी कायद्याच्या कितीतरी आधी ओळखली. संमतिवयाचा वाद पेटला असताना हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ ही कादंबरी ‘करमणूक’मधून क्रमशः येत होती. तिची नायिका यमू स्वतःची हकिकत स्वतः सांगते. सभांतून जिला वाक्य नव्हते तिला कादंबरीने निवेदन दिले. नाटकात हा प्रश्न अधिक उघड होतो, कारण रंगभूमीवर गप्प बसलेली व्यक्तीही प्रेक्षकांना दिसत असते.

गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संगीत शारदा’ (१८९९) हे जरठ-बाला विवाहावरील नाटक म्हणून गौरवले गेले. पैशाच्या लोभाने कांचनभट आपली मुलगी शारदा हिचा विवाह वृद्ध भुजंगनाथाशी ठरवतो. मध्यस्थ आहे भद्रेश्वर दीक्षित. वर, पिता व मध्यस्थ यांचा व्यवहार पुरा होतो. शारदेला हे लग्न नको आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते. तरीही लग्न मोडते ते या कारणाने नव्हे. वधूवर सगोत्र असल्याचे मंडपात उघड होते, म्हणून ते मोडते. या कथानकाकडे केवळ नाट्यमय कलाटणी म्हणून पाहिले जाते. संमतीच्या दृष्टीने पाहता ती त्या काळाची अचूक साक्ष ठरते. त्या मंडपात मुलीच्या नकाराला विवाह थांबवण्याचे बळ नव्हते. ते गोत्राला होते. देवलांच्या सुधारणावादी भूमिकेची ही मर्यादा म्हणावी की समाजाच्या मर्यादेचे त्यांनी घडवलेले प्रामाणिक दर्शन म्हणावे, याविषयी मतभेद संभवतात. नाटकाची संहिता दुसऱ्या वाचनाला अधिक आधार देते. विवाह मोडल्यानंतरही शारदा सुटत नाही, ती जीव द्यायला निघते. शास्त्राने लग्न थांबवले तरी मुलीला तिची इच्छा परत मिळालेली नसते. कोदंड तिला वाचवतो आणि तिच्याशी विवाह करतो. तेव्हाही तिच्या होकारापेक्षा त्याच्या उदारतेवर प्रकाश अधिक पडतो.

विजय तेंडुलकर यांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) मध्ये प्रश्न अधिक तीव्र होतो. एका मोकळ्या वेळेत गंमत म्हणून अभिरूप खटला चालवायचे ठरते. लीला बेणारे आत गेलेली असताना बाकीचे मिळून तिला आरोपी ठरवतात व ती बाहेर येताच तिच्यावर आरोप ठेवला जातो. खेळात भाग घेण्याची तिची संमती विचारलेलीच नाही. खेळ अंगावर येऊ लागल्यावर ती निघून जाऊ पाहते, तर दाराची कडी बाहेरून अडकलेली असते. बाहेर पडता येत नसेल तर आत असण्याला संमती म्हणता येत नाही, ही गोष्ट तेंडुलकरांनी एका कडीतून दाखवली आहे.

या नाटकाचे मर्म आणखी खोल आहे. बेणारेच्या आयुष्यात दोन संबंध येऊन गेले. एक कोवळ्या वयात मामाशी आलेला, दुसरा प्रौढपणी प्रा. दामले यांच्याशी स्वतःच्या इच्छेने जुळलेला. पहिल्यात अजाण मुलीचा वडीलधाऱ्याने घेतलेला गैरफायदा आहे. दुसऱ्यात फसवणूक असली तरी तिची निवड आहे. संमतीची कसोटी लावली तर हे दोन अनुभव दोन टोकांना जातात. खटला चालवणारी मंडळी मात्र ‘चारित्र्य’ या एकाच शब्दाने दोन्ही मोजतात. त्यांच्या शब्दकोशात संमती नसल्यामुळे अत्याचार आणि प्रेम यांत फरक करण्याचे साधनच त्यांच्याजवळ उरत नाही. शेवटी न्यायाधीश काशीकर बेणारेच्या उदरातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावतात. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला भ्रूणहत्येच्या आज्ञेत संपतो आणि या दोहोंच्या मध्ये, जिच्या देहाविषयी हे चालले आहे तिचे स्वगत कोणीही ऐकत नाही. चारच वर्षांनी, १९७१ मध्ये आलेल्या वैद्यकीय गर्भपाताच्या कायद्याने सज्ञान स्त्रीच्या बाबतीत तिचीच संमती आवश्यक मानली, पतीची नव्हे. नाटकातील निवाडा आणि हे कलम शेजारी ठेवून वाचले असता तेंडुलकरांनी कोणत्या उणिवेवर बोट ठेवले होते हे ध्यानात येते.

‘कमला’ (१९८१) मध्ये पत्रकार जयसिंग जाधव स्त्रियांच्या खरेदी-विक्रीच्या बाजारातून कमला या आदिवासी स्त्रीला विकत घेतो व हा व्यापार उघडकीस आणण्यासाठी तिला पत्रकार परिषदेत उभी करतो. त्याचा हेतू समाजहिताचा असल्याचे तो मानतो. परंतु कोठे नेले जाणार आहे, काय विचारले जाणार आहे, हे तो कमलेला सांगत नाही. विकणाऱ्याने तिला विचारले नव्हते. सोडवणाऱ्यानेही विचारले नाही. कमला जेव्हा जयसिंगची पत्नी सरिता हिला, तुला केवढ्याला आणले, असे निरागसपणे विचारते तेव्हा सुशिक्षित गृहिणीच्या संमतीवरील आवरण गळून पडते. चांगला हेतू संमतीची जागा घेऊ शकतो काय, हा या नाटकाचा प्रश्न आहे. समाजसेवा, संशोधन व पत्रकारिता या तिन्ही क्षेत्रांना तो आजही लागू आहे.

या तिन्ही नाटकांत क्रम दिसतो. शारदेच्या नकाराला बळ नाही. बेणारेचे बोलणे नोंदीत येत नाही. कमलेला तर नकार देता येतो हेच ठाऊक नाही. संमतीचा अभाव हा केवळ ‘हो’ न म्हणण्याचा अभाव नसून ‘नाही’ म्हणण्याच्या शक्यतेचा अभाव असतो, हे या क्रमातून स्पष्ट होते.

५. मौन आणि शरणागती

नाटकात जे दिसले ते न्यायालयात दिसण्यास वेळ लागला. तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात १९७२ साली एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सत्र न्यायालयाने आरोपी पोलिसांची मुक्तता केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये त्यांना दोषी ठरवले. भीतीने निमूट राहणे आणि संमती देणे यांत फरक आहे, हा त्या निकालाचा गाभा होता. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ (१९७९) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, यावरून संमती असल्याचा निष्कर्ष काढला गेला. ‘मौनं संमतिलक्षणम्’ या वचनाचे हे न्यायालयीन रूप होते.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार विधिज्ञांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहून संमती आणि शरणागती यांतील भेदाकडे लक्ष वेधले. या पत्रातून देशभर आंदोलन उभे राहिले. १९८३ च्या दुरुस्तीने कोठडीतील बलात्काराच्या खटल्यांत, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास ती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे कलम पुरावा कायद्यात आले. २०१३ च्या दुरुस्तीने पुढचे पाऊल टाकले. संमती म्हणजे निःसंदिग्ध व स्वेच्छेने दर्शवलेली मान्यता, ती विशिष्ट कृतीसाठी असली पाहिजे आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून ती होती असे मानता येणार नाही, हे कायद्यात स्पष्टपणे लिहिले गेले. संमतीचे वयही अठरा झाले.

शब्दार्थाच्या दृष्टीने हा बदल मूलगामी आहे. १९७९ मध्ये संमती ‘नसल्याचे’ चिन्ह शोधले जात होते. २०१३ नंतर ती ‘असल्याचे’ चिन्ह शोधावे लागते. ‘हरकत नाही’पासून ‘संमती आहे’पर्यंतचा हा प्रवास आहे. तो अपुरा आहे, हेही नोंदवले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला दिलेली सूट कायम ठेवण्यात आली. या सुटीच्या घटनात्मकतेविषयी दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २०२२ मध्ये परस्परविरोधी निर्णय दिले होते. १८९१ मध्ये विवाहितेबद्दल जे गृहीत धरले गेले त्याचा अवशेष असा टिकून आहे.

६. संमतिपत्राचा व्यवहार

संमतीचा प्रश्न स्त्रीपुरुषसंबंधांपुरता मर्यादित नाही. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात तपासणीसाठी भूल दिलेल्या सज्ञान स्त्रीचे गर्भाशय व बीजांडकोश, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना आणि रुग्ण स्वतः निर्णय घेण्यास समर्थ असताना दुसऱ्याची संमती चालणार नाही, तसेच तपासणीची संमती ही शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘कोणाची’ आणि ‘कशासाठी’ हे दोन्ही प्रश्न या निकालात एकत्र आले आहेत. तरीही रुग्णालयांत पतीची वा मुलाची सही मागण्याची रीत सहजी सुटत नाही, कारण सही ही तेथे रुग्णाच्या इच्छेची नोंद नसून रुग्णालयाच्या सुरक्षिततेची तजवीज मानली जाते. न समजणाऱ्या भाषेतील छापील कागदावर घेतलेली सही संमतीच्या मूळ अर्थापासून, म्हणजे ‘मती जुळण्या’पासून, फार दूर असते.

जमिनीच्या बाबतीत २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खासगी कंपन्यांसाठी ८० टक्के व सरकारी-खासगी भागीदारीतील प्रकल्पांसाठी ७० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक केली. सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पांना ही अट नाही. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ च्या पेसा कायद्यात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी ‘विचारविनिमय’ करण्याची तरतूद आहे. विचारविनिमय आणि संमती यांतील अंतर येथे निर्णायक ठरते. पहिल्यात ऐकून घेण्याचे बंधन आहे, ऐकण्याचे नाही. याउलट गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने सर्वसहमतीने निर्णय घेण्याची पद्धत रूढ केली. एकाचाही विरोध असेल तर निर्णय लांबतो. अशा ठिकाणी प्रत्येकाच्या होकाराला वजन येते, कारण नकारालाही वजन आहे.

२०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही संमती मोकळी, विशिष्ट, माहितीपूर्ण व निःसंदिग्ध असावी, असे म्हटले आहे. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ या जुन्या साच्याशी या विशेषणांची तुलना केली असता मराठीला या कल्पनेसाठी नवे शब्द घडवण्यापेक्षा जुने शब्द गांभीर्याने वापरण्याची गरज आहे, असे म्हणावेसे वाटते.

७. समारोप

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) ‘संमती’ व ‘परवानगी’ हे समानार्थी शब्द नाहीत. ज्याच्या देहाशी, मालमत्तेशी वा आयुष्याशी गोष्ट निगडित आहे त्याचीच संमती असू शकते. इतरांची असते ती परवानगी.

२) मोकळ्या संमतीची कल्पना मराठी व्यवहाराला परकी नाही. दस्तऐवजांच्या भाषेत ती रुजलेली होती. ती स्त्रिया, आदिवासी व रुग्ण यांना लागू करण्यात समाज कमी पडला.

३) १८९१ च्या संमतिवयाच्या वादाने हा शब्द रूढ केला, परंतु त्याचा कर्ता वादाबाहेर राहिला.

४) मराठी नाटकाने नकाराची अशक्यता दाखवून संमतीचा खरा अर्थ कायद्यापूर्वीच पुढे आणला. या नाटकांची समीक्षा सुधारणावाद वा स्त्रीचित्रण या चौकटींबरोबर ‘संमती’ या संकल्पनेच्या आधारेही होणे आवश्यक आहे.

५) मौन, हरकत नसणे आणि शरणागती यांना संमती म्हणण्याची सवय भाषेतून न्यायव्यवहारात गेली होती. कायदा बदलला, भाषेची सवय पूर्णतः बदललेली नाही.

या शब्दाची एक मर्यादाही ध्यानात ठेवावी लागेल. दारिद्र्याने वा परावलंबनाने पर्यायच शिल्लक न ठेवलेल्या व्यक्तीचा होकार कागदावर बिनचूक असला तरी तो तिच्या इच्छेची साक्ष देतोच असे नाही. म्हणून संमतीविषयी लिहिताना, निवाडा करताना वा अर्जाचा नमुना तयार करताना ती देणाऱ्याचे नाव, ती ज्यासाठी दिली ती गोष्ट आणि नकार दिल्यास त्याला काय सोसावे लागले असते, या तिन्हींची नोंद एकत्र व्हायला हवी. यांपैकी एकही गाळले, तर त्या जागी ‘संमती’ऐवजी दुसरा, अधिक खरा शब्द वापरणे उचित ठरेल.